रूबेन झिराडकरांची मुलगी

फेब्रुवारी २००४ मधल्या त्या रविवारी सकाळी साडेसातला भायखळ्याच्या मोठ्या सिनेगॉगच्या फाटकाशी अठरा माणसं जमली होती. मी नोंदवही फिरवत होते. सगळ्यांत शेवटी एक म्हातारी बाई आली. सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला कापडी पिशवी. तिनं वहीत नाव लिहायला बराच वेळ घेतला. सिपोरा तळेगावकर, ठाणे.

मी म्हटलं, "मावशी, दोन तास चालायचंय. आणि आज सगळं इंग्रजीत बोलणार आहे मी. चालेल ना?"

"चालेल," ती म्हणाली. "इथलीच आहे मी."

एरवी एवढ्या उत्तरावर मी तिला सोडलं नसतं. इथलीच म्हणजे कुठली, कोणत्या इमारतीतली, किती सालापर्यंत, असं खोदून खोदून विचारलं असतं. पण त्या दिवशी माझं सगळं लक्ष दुसऱ्या एका पाहुण्याकडे होतं.

मी तेव्हा एकतीस वर्षांची होते. युद्धकाळात मुंबईला आलेल्या ज्यू निर्वासितांवर मी एम.ए.चा प्रबंध लिहिला होता आणि त्यातूनच ही रविवारची पायी फेरी सुरू केली होती. हिटलर आल्यावर जर्मनीतून जी माणसं जीव घेऊन पळाली, त्यांतली काही मुंबईला पोचली. डॉक्टर, दंतवैद्य, पियानो शिकवणाऱ्या बाया. पण युद्ध सुरू झालं तशी इंग्रज सरकारच्या लेखी ही माणसं जर्मन ठरली, म्हणजे शत्रू. पोलिसांनी त्यांना उचलून नगरच्या छावणीत नेलं आणि हिटलरच्या भक्तांबरोबर एकाच बराकीत ठेवलं. पुढे चौकशा झाल्या. कोणी भल्या माणसानं खात्री दिली तर सुटका होई. १९४० साली पुन्हा धरपकड झाली, पुन्हा चौकशा. हे सगळं मी चालता चालता, घरांकडे बोट दाखवत सांगत असे. लोकांना आवडत असे. वर्तमानपत्रांत दोनदा छापून आलं होतं.

फेरीतली सगळ्यांत गाजलेली गोष्ट होती जेकब टेरेसमधल्या डॉक्टर ब्रुनो टाउसिगची. आणि त्या दिवशी त्याचा नातू मार्टिन टाउसिग माझ्यासमोर उभा होता. मेलबर्नच्या एका शाळेत तो गणित शिकवायचा. बेचाळीसेक वर्षांचा, उंच, थोडा वाकून चालणारा. वर्तमानपत्रातलं वाचून त्यानंच मला मेल केला होता; तो या फेरीला येणार ही बातमीही त्या आठवड्यात छापून आली होती. बाकीची मंडळी परदेशी बायकांच्या एका क्लबातली. मराठी जाणणाऱ्या दोघीच, मी आणि ती ठाण्याची बाई.

नऊच्या सुमाराला आम्ही जेकब टेरेसच्या अंगणात शिरलो. तिन्ही मजल्यांच्या लाकडी गॅलऱ्यांत कपडे वाळत होते. मी नेहमीच्या जागी, जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभी राहिले आणि गोष्ट सांगितली.

डॉक्टर टाउसिग बर्लिनहून आले, तळमजल्यावर त्यांनी कातडीच्या रोगांचा दवाखाना घातला. दुसऱ्या मजल्यावर रूबेन झिराडकर राहत. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले, घरात मराठी बोलणारे ज्यू. रेल्वेत हेडक्लार्क, आणि आपल्या सिनेगॉगचे मुकादम, म्हणजे प्रमुख. १९४० च्या जूनमध्ये पोलीस डॉक्टरांच्या चौकशीला आले, तेव्हा झिराडकरांनी कोट चढवला, टोपी घातली आणि ते इन्स्पेक्टरबरोबर चौकीवर गेले. तिथं ते म्हणाले, "या माणसाची खात्री मी देतो." सरकारनं ऐकलं नाही. डॉक्टरांना नेलं. १९४२ साली छावणीतच ते विषमज्वरानं गेले. मागे बायको आणि सहा वर्षांचा मुलगा. पण या इमारतीत एक माणूस त्यांच्यासाठी उभा राहिला होता.

यातलं चौकीपर्यंतचं सगळं मला तिसऱ्या मजल्यावरच्या एका जुन्या भाडेकरूनं सांगितलेलं होतं. त्यानं लहानपणी गॅलरीतून झिराडकरांना कोट घालून इन्स्पेक्टरबरोबर जाताना पाहिलं होतं. "या माणसाची खात्री मी देतो" हे वाक्य माझं होतं. पहिल्या एकदोन फेऱ्यांत मी "म्हणाले असतील" असं म्हणत असे. नंतर "असतील" गळून पडलं.

मार्टिननं चष्मा काढून हातात धरला होता. त्यानं ते नाव मला पुन्हा विचारलं. मी सांगितलं. "झिराडकर," तो हळूच म्हणाला, आणि एकेक अक्षर लावून पाहावं तसं आणखी एकदा म्हणाला. मला फार बरं वाटलं. दोनतीन बायकांचे डोळे ओले झाले होते.

तेवढ्यात मागून ती ठाण्याची बाई वाट काढत पुढे आली. पायरीशी येऊन तिनं कठड्याला धरलं आणि आधी इंग्रजीतच, मार्टिनकडे बघून म्हणाली, "मी रूबेन झिराडकरांची मुलगी."

बायकांमध्ये कुजबुज झाली. कोणीतरी कॅमेरा काढला. माझ्या गोष्टीतलं माणूस गोष्टीच्या जागेवर चालत आलं होतं.

तिनं पुढचं बोलायला तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. मग ती माझ्याकडे वळली आणि मराठीत म्हणाली, "बाळ, तू सांग त्याला. मी सांगते तसं सांग."

"सांगा ना, मावशी."

"वडिलांनी खात्री दिली नाही. इन्स्पेक्टर आमच्या घरी येऊन बसला होता. पाणी मीच नेऊन दिलं. अकरा वर्षांची होते. त्यानं विचारलं, हा डॉक्टर कसा आहे, तुम्ही याची खात्री देता का? वडील म्हणाले, हा रात्री दार लावून जर्मन रेडिओ ऐकतो. आमच्यात येत नाही, मशिदीत येत नाही. मी याची खात्री देणार नाही." बेने इस्रायली माणसं सिनेगॉगला घरात मशीदच म्हणतात. "मग ते कोट घालून गेले, ते हेच लिहून द्यायला गेले. सगळं असंच सांग. आणि म्हणावं, मी माफी मागायला आलेय."

अठरा माणसं माझ्याकडे बघत होती.

पुढे कित्येक महिने मी स्वतःला सांगत राहिले की त्या क्षणी मला मार्टिनची दया आली. हजारो मैलांवरून आलेल्या माणसाला हे कशाला ऐकवायचं? पण दया नव्हती ती. आत्ताच, पाच मिनिटांपूर्वी, याच पायरीवरून, याच माणसांना मी एक गोष्ट सांगितली होती, आणि ती खोटी आहे हे आता माझ्याच तोंडानं मला सांगायचं होतं.

मी मार्टिनकडे वळून इंग्रजीत म्हटलं, "त्या म्हणतात की वडील तुमच्या आजोबांची आठवण नेहमी काढत. आपण आणखी काही करू शकलो नाही याचं त्यांना जन्मभर दुःख होतं. तुम्हाला भेटायला म्हणून त्या मुद्दाम आल्यात."

बायकांनी टाळ्या वाजवल्या.

सिपोराबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ मी तेव्हा लावला नाही. लावायला गेले असते तर लागला असता. मग त्यांनी मार्टिनपुढे हात केला. मार्टिननं चष्मा डोळ्यांवर चढवला, त्या हाताकडे पाहिलं आणि तो फाटकाकडे वळला. अजून किती ठिकाणं बाकी आहेत, असं त्यानं मला चालता चालता विचारलं. मला वाटलं, त्याला भरून आलंय, सर्वांसमोर रडू नये म्हणून तो निघालाय.

पुढच्या ठिकाणी माणसं मोजली तेव्हा सतरा भरली. सिपोराबाई तिथूनच परत गेल्या होत्या.

यानंतर मी काय केलं ते सांगायला हवं. मी ती फेरी बंद केली नाही. गोष्टही बदलली नाही. उलट तिला एक शेवट जोडला. याच पायरीशी, मी सांगू लागले, झिराडकरांची मुलगी आणि डॉक्टरांचा नातू चौसष्ट वर्षांनी समोरासमोर आले. आठ महिने मी हे दर रविवारी सांगत होते. मार्टिनचा मेल आला नाही. त्याचं मला आश्चर्य वाटलं, आणि सुटल्यासारखंही.

ऑक्टोबरात एक कार्ड आलं. वहीत नाव लिहून झालं की मी सगळ्यांना माझा पत्ता आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी देत असे. अक्षर जुन्या वळणाचं, सुरेख होतं. "सवड होईल तेव्हा ये. रागावलेली नाही. सिपोरा." खाली ठाण्याचा पत्ता आणि टेलिफोन नंबर.

दोन आठवडे मी ते कार्ड इकडून तिकडे ठेवत राहिले. मग एका गुरुवारी दुपारी गेले. सिपोराबाई भाच्याच्या घरी राहत होत्या. भाचा डॅनियल कामावर गेला होता, सून मुलांना घेऊन बाहेर. सिपोराबाई खाली बसून मेथी निवडत होत्या. त्यांनी मला पाट दिला आणि निम्मी जुडी माझ्यापुढे सरकवली. बराच वेळ आम्ही दोघी मेथीच निवडत होतो.

शेवटी मी म्हटलं, "त्या दिवशी मी तुमचं बोलणं नीट पोचवलं नाही."

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. "तेहतीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये काढली मी. ट्रंक बोर्डावर. इंग्रजी सगळं कळतं."

मग तुम्ही स्वतःच का नाही बोललात, असं मी विचारलं. विचारताना माझ्या आवाजात किंचित तक्रार होती, हे मला आज आठवतं.

"घरून पाठ करून आले होते इंग्रजीत. पण तिथं उभी राहिले आणि ते मराठीतच आठवायला लागलं. वडिलांना इंग्रजी येत असून त्या दिवशी ते मराठीतच बोलले होते ना. इन्स्पेक्टरचा हवालदार त्याला इंग्रजीत सांगत होता." त्यांनी मेथीची एक काडी बाजूला टाकली. "तू खोटं सांगितलंस तेव्हा मला ओरडता आलं असतं. नाही ओरडले. खरं सांगू? मला बरं वाटलं. वाटलं, बघ, देवालाच नकोय हे बाहेर यायला. फाटकाबाहेर जाईपर्यंत बरं वाटलं. मग बसमध्ये बसले आणि लाज वाटायला लागली. ती अजून आहे."

मी विचारलं, तुमच्या वडिलांनी असं का केलं. त्यांनी सांगितलं ते साधंच होतं. एकदा गॅलरीत चारचौघांत डॉक्टर हसत हसत म्हणाले होते, तुम्ही नारळाचं दूध घालून जेवण करता, बायका मंगळसूत्र बांधतात, साड्या नेसतात, मग तुम्ही ज्यू कसले? डॉक्टरांच्या मनात काही वाईट नव्हतं. सगळ्यांनी हसण्यावारी नेलं. रूबेन झिराडकरांनी नेलं नाही. इन्स्पेक्टर आला त्या संध्याकाळी त्यांना ते आठवलं असणार, एवढंच.

"त्यांना वाटलं असेल, दोन महिने बसेल आत, खोड मोडेल. माणूस मरेल असं कुणाला वाटतं? इमारतीत सगळे म्हणायला लागले, मुकादम डॉक्टरसाठी चौकीवर गेले. वडिलांनी नाही म्हटलं नाही. डॉक्टर गेल्याची खबर आली त्या आठवड्यात त्यांनी मुकादमकी सोडली. मला बोलावून म्हणाले, त्या दिवशी इन्स्पेक्टर आला तेव्हा तू घरात नव्हतीस. मी म्हटलं, नव्हते."

नंतर त्यांनी मला कामाचं सांगितलं. मार्टिनचा पत्ता माझ्याकडे होता. मी त्याला सगळं लिहावं, त्यांच्या नावानं. माफीचंही लिहावं. "उत्तर आलं नाही तरी हरकत नाही," त्या म्हणाल्या. "त्याला कळलं पाहिजे एवढंच."

आणि मी काय केलं होतं तेही लिहीन, असं मी आपण होऊन म्हणाले. त्यांनी मान हलवली, म्हणाल्या, ते तुझं तू बघ.

त्या रात्री मी लिहायला बसले. त्यांचा भाग अर्ध्या तासात झाला. माझा भाग होईना. पहिल्या मसुद्यात मी लिहिलं की रस्त्यावरच्या आवाजात मला नीट ऐकू आलं नव्हतं. तो मी खोडला. दुसऱ्यात लिहिलं की तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून. तोही खोडला. मग म्हटलं, उद्या बघू. ऑक्टोबर गेला.

दिवाळीनंतर सिपोराबाईंचा फोन आला. माझं कसं चाललंय, थंडी पडलीय का, असं विचारून झाल्यावर त्या म्हणाल्या, "त्याचं काही उत्तर?"

मी म्हटलं, "अजून नाही."

हे खोटं नव्हतं. उत्तर आलेलं नव्हतंच. मी तेव्हा स्वतःला असंच समजावलं.

डिसेंबरात त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच म्हटलं. जानेवारीत त्यांनी विचारलं तेव्हा त्यांचा आवाज बसलेला होता. मी म्हटलं, "अजून काही नाही, मावशी." त्या म्हणाल्या, "असू दे. त्याचंही बरोबर आहे." आणि फोन ठेवला.

फेब्रुवारीत फोन आला नाही. मार्चच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी माझ्या लक्षात आलं की फोन येत नाही म्हणून मी आनंदात आहे. हे लक्षात आलं आणि मी होते तशी खुर्चीवर बसले. एका बैठकीत मेल लिहिला, न खोडता. त्यांचं सगळं, माझं सगळं. मी काय ऐकलं, काय सांगितलं, का सांगितलं. ऑक्टोबरपासून मेल न पाठवता बसले होते, हे मात्र तेव्हाही लिहिलं नाही. ते लिहायचं उरलंय हे मला कळत होतं. पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. मेल लांब होता. मी इथं थोडक्यात सांगते.

मार्टिनला सगळं आधीपासून ठाऊक होतं. त्याच्या आजोबांनी छावणीतून बायकोला लिहिलं होतं की चौकशीच्या वेळी झिराडकर नावाच्या शेजाऱ्याचा जबाब त्यांना वाचून दाखवला. आजीनं ते नाव मरेपर्यंत लक्षात ठेवलं आणि नातवाला सांगितलं. तो मुंबईला इमारत बघायला आला होता, कोणाला शोधायला नव्हे. मी माझी गोष्ट सांगितली तेव्हा त्यानं नाव पुन्हा विचारून खात्री करून घेतली आणि मनात म्हटलं, हिला माहीत नसेल, जाऊ दे. मग सिपोराबाई पुढे आल्या.

त्यानं लिहिलं होतं: "त्यांनी वडिलांचं नाव घेतलं तेव्हा मला वाटलं, आता ही खरं सांगेल. मग तुमचं भाषांतर ऐकलं. मला वाटलं, हिला सगळं माहीत आहे, आणि तरी ही माझ्या तोंडावर मला बापाचं कौतुक सांगतेय. मी तिचा हात घेतला नाही. आज वर्षभर मला त्याचा पश्चात्ताप नव्हता, अभिमान होता. मला त्यांचा फोन नंबर द्या. या रविवारी मी त्यांना फोन करतो. त्यांना सांगून ठेवा, म्हणजे त्या घाबरणार नाहीत."

मी लगेच ठाण्याला फोन लावला. डॅनियलनं उचलला. मी नाव सांगितलं तेव्हा तो म्हणाला, हो, आत्या तुमच्याबद्दल बोलायची. मग म्हणाला, "आत्या गेली. तेवीस फेब्रुवारीला. पंधरा दिवस न्यूमोनिया होता." ती कोणाच्या तरी परदेशातून येणाऱ्या पत्राची वाट बघत होती, ते पत्र तुमच्याकडे येणार होतं का, असं त्यानं मला विचारलं. मी हो म्हटलं. आलं का, असं त्यानं विचारलं.

मी म्हटलं, "आजच आलं."

मग मला मार्टिनला लिहावं लागलं. या वेळी मी काही शिल्लक ठेवलं नाही. ऑक्टोबरातलं वचन, ते मसुदे, तीन फोन, आणि तिन्ही वेळी मी दिलेलं उत्तर. लिहून पाठवलं आणि दार लावून घरात बसून राहिले. पुढच्या रविवारची फेरी मी रद्द केली. त्यानंतर ती मी पुन्हा कधी घेतली नाही.

मार्टिनचं उत्तर यायला नऊ दिवस लागले. त्यात माझ्यासाठी रागाचा एकही शब्द नव्हता. सगळ्या मेलमध्ये एकच प्रश्न होता. "त्यांची माफी माझ्यापर्यंत पोचली होती आणि तरी उत्तर द्यायचं नाही असं मी ठरवलं होतं, असं समजून त्या गेल्या का?"

मी लिहिलं, हो.